कानेशचे व्यापारी: गाढवं, कथील आणि घरून आलेली पत्रं

वखारवाला

प्राचीन इतिहासाचा धागा म्हटला की हटकून राजे येतात, कोणी किती मुलूख मारला, कोणाचं साम्राज्य कुठून कुठवर, आणि दहाव्या प्रतिसादाला हाणामारी सुरू. आज राजे बाजूला ठेवू. मला चार हजार वर्षांपूर्वीच्या काही कापडवाल्यांबद्दल लिहायचंय.

आधी थोडं घरचं. आमचे आजोबा कापडाच्या एका पेढीवर मुनीम होते. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली तर आत रोजकीर्द, खतावणी आणि पोस्टकार्डांचे गठ्ठे. मला वाटलं होतं काहीतरी जुनं भारी सापडेल, पण सगळ्या पत्रांत एकच रडगाणं, माल पोचला पण दोन ठाण कमी, रंग उतरतोय, मागची बाकी पाठवा मग पुढचं बोलू, आणि शेवटी घरी सर्व क्षेम. ती वाचून झाल्यावर काही महिन्यांनी कानेशबद्दल वाचायला मिळालं आणि मी उडालोच, कारण हुबेहूब तेच, फक्त पोस्टकार्डाऐवजी मातीची विट.

कानेश म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कुलतेपे, कायसेरी शहरापासून वीसेक किलोमीटरवर. वीसेक मीटर उंच टेकाड आहे, त्यावर स्थानिक राजाचा वाडा, आणि पायथ्याला व्यापाऱ्यांची वस्ती. त्या पेठेला म्हणायचे कारुम. मूळ अर्थ धक्का, जिथे होड्या लागतात तो. इथे मैलोनमैल होडी चालेल अशी नदी नाही तरी नाव तेच, कारण ही मंडळी आली तिग्रिस नदीकाठच्या अशुर शहरातून (आताच्या इराकमध्ये). अशुर ते कानेश साधारण हजार किलोमीटर, गाढवांचा तांडा सहा आठवडे घ्यायचा, आणि हिवाळ्यात डोंगरातल्या वाटा बंद. काळ इसपू १९५० ते १८३५ च्या आसपास, म्हणजे बॅबिलोनच्या हम्मुराबीच्याही आधीचा.

माल दोनच प्रकारचा, कथील आणि लोकरी कापड. अनातोलियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या या भागात) तांबं भरपूर, पण कासं करायला कथील लागतं आणि ते तिथे मिळेना. कथील पूर्वेकडून, इराणच्या वाटेने अशुरला यायचं. अशुरवाले ते घेऊन पश्चिमेला जायचे आणि बदल्यात चांदी-सोनं आणायचे. झालं, एवढाच धंदा. पण या धंद्याच्या साधारण २३,००० मातीच्या पाट्या सापडल्यात, व्यापाऱ्यांच्या घरातून, त्यांच्याच कपाटातल्या म्हणायला हरकत नाही. पत्रं, उधारीचे कागद, कोर्टकज्जे, लग्नाचे करार. पेठेला आग लागली, घरं कोसळली आणि पाट्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या म्हणून राहिल्या. त्यांचं नशीब फुटलं आणि आपलं उघडलं.

बाकी प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावताहेत.

सुईदोरा

मस्त धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कापडाबद्दल जास्त लिहा, कोण विणायचं, कुठे?

शंकासुर

अशुर म्हणजे ते असिरियन ना? कातडी सोलून भिंतीला लावणारे, अख्खी गावं उचलून दुसरीकडे नेऊन टाकणारे? ते कधीपासून गरीब बिचारे कापडवाले झाले. आणि राजे बाजूला ठेवू म्हणताय तर मग परक्या राज्यात एवढी मोठी पेठ वसवली कशी, सैन्याशिवाय?

वखारवाला

शंकासुर, शहर तेच, काळ वेगळा. तुम्ही म्हणताय ते राजे हजार वर्षांनी आले, इसपू नवव्या ते सातव्या शतकातले, आणि इसपू ६१२ मध्ये निनेवे पडल्यावर त्यांचा खेळ खलास. मी सांगतोय तेव्हाचं अशुर म्हणजे एक शहर आणि भोवतालची थोडी जमीन. तिथला राजा स्वतःला राजाही म्हणवत नसे. राजा म्हणजे अशुर देव, हा त्याचा कारभारी, आणि पत्राखाली नाव लिहिताना नुसतं मुकादम या अर्थाचा शब्द. शहराची सभा निर्णय घ्यायची आणि दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एक अधिकारी निवडायचे, त्याच्याच नावाने ते वर्ष ओळखलं जायचं. म्हणजे १८९० साल वगैरे नाही, अमक्याचं वर्ष.

पेठ वसली ती कराराने. अनातोलियात छोटे छोटे बरेच राजे, प्रत्येकाशी वेगळा करारमदार. राजाने तांड्याला वाटेत संरक्षण द्यायचं, लुटलं गेलं तर भरपाई द्यायची. बदल्यात राजाला जकात, कथलावर ६५ मीनामागे २ मीना, कापडावर शेकडा ५, शिवाय कापडाचा दहावा हिस्सा वाड्याने आधी निवडून विकत घ्यायचा. (एक मीना म्हणजे अर्धा किलो धरा.) आपल्या भांडणांचा निवाडा व्यापारी आपल्याच पंचायतीत करणार, अपील अशुरच्या सभेकडे.

पण बिचारे वगैरे अजिबात नव्हते हां. एका करारात अट आहे की बॅबिलोनकडचा व्यापारी तुझ्या राज्यात आला तर आमच्या ताब्यात दे, आम्ही त्याला मारून टाकू. सैन्य नव्हतं, मक्तेदारी होती.

कल्हईवाला

कथील म्हटल्यावर राहवलं नाही. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा, भाता लावून बसायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, भस्सकन धूर, आणि मग कथलाची कांडी नुसती टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा की पितळेचं पातेलं चांदीचं. एवढीशी कांडी पुरायची अख्ख्या घराला. आई म्हणायची कथील महाग झालंय, अर्धीच भांडी कर. तेव्हा गाढवावर किती कथील जायचं आणि सुटायचं किती ते सांगा, हिशोब लावून बघतो, निवृत्त झालोय, वेळच वेळ आहे.

वखारवाला

काका, घ्या आकडे. एका गाढवावर दोन बाजूंना दोन गठ्ठे, प्रत्येकी ६५ मीना कथील, म्हणजे एकूण १३० मीना, साधारण ६५ किलो. गठ्ठे मोहोरबंद, वाटेत उघडायचे नाहीत. त्यावर चार-दोन कापडं, आणि वरखर्चाला सुटं कथील वेगळं, त्यातून वाटेतले टोल, चारा, सराई. सगळीच कापडं लादली तर पंचवीसेक नग.

भाव असा, अशुरला एक भार चांदीला १४ ते १६ भार कथील, कानेशला त्याच चांदीला ६ ते ८ भार.

कल्हईवाला

मधला धरतो. अशुरला १५ ने, १३० मीना कथलाला लागली पावणेनऊच्या आत चांदी. कानेशला ७ ने विकलं तर साडेअठरा मीना. म्हणजे दुप्पट आणि वर थोडं. जकात ४ मीना कथील गेली, टोल गेले, माणसांचा पगार गेला, तरी उरतं बरंच. गाढवाचं काय, परत न्यायचं?

वखारवाला

परत कशाला, गाढवही विकायचं. येताना चांदी आणायची, ती काय, एक-दोन गाढवांवर मावते. बहुतेक गाढवं तिथेच खपायची. अशुरला गाढव साधारण वीस शेकेलला (६० शेकेलचा एक मीना), काळ्या गाढवांचा उल्लेख पत्रांत सारखा येतो. आणि कापडावर जवळजवळ तिप्पट सुटायचे.

सुईदोरा ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. थोडं कापड दक्षिणेकडून, बॅबिलोनकडून विकत यायचं, बाकीचं अशुरमध्ये घराघरात बायका विणायच्या. आणि खरी गंमत इथेच आहे कारण या बायका स्वतः पत्रं लिहायच्या. लिपीची शे-सव्वाशे चिन्हं आली की काम भागायचं, त्यामुळे लिहायला वाचायला कारकूनच पाहिजे असं नव्हतं.

पुझुर-अशुर नावाच्या एका व्यापाऱ्याने वक्कुर्तुम नावाच्या बाईला पाठवलेलं पत्र आहे. त्याचा मतलब असा, मागच्यासारखंच पातळ कापड पाठव पण प्रत्येक नगात एक मीना लोकर जास्त घाल, तरीही पातळच राहू दे, एका बाजूने विंचर, कातरू नकोस, ताणा घट्ट हवा, आणि पुरा नग नऊ हात लांब आठ हात रुंद झाला पाहिजे. म्हणजे साडेचार मीटर बाय चार मीटर. पडदा नाही, एक नग!

सुईदोरा

लोकर वाढव पण पातळ ठेव 😂 हे वाक्य मी बत्तीस वर्षांत किती गिऱ्हाइकांकडून ऐकलंय म्हणून सांगू. माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. अस्तर लाव पण फुगायला नको, घेर भरपूर पण कापड कमी. एकदा एका मोठ्या दुकानाने माझ्याकडून साठ कुर्ते शिवून घेतले, नमुना त्यांनीच दिलेला, आणि मग माप चुकलं म्हणून वीस परत केले, पैसे अजून आले नाहीत. त्या वक्कुर्तुमबाईला पैसे मिळायचे का वेळेवर?

चार मीटर रुंद म्हणजे मागावर किमान दोन बायका लागत असणार, एकटीचा हात पोचायचाच नाही. आणि आडव्या धाग्यापेक्षा ताण्याचं बोलतोय म्हणजे त्याला कळत होतं काम, नुसता दलाल नव्हता.

वखारवाला

पैशाचंच तर भांडण! लमस्सी म्हणून एक बाई, नवरा पुशु-केन, कानेशमधला बडा आसामी. ती अशुरमध्ये घर, मुलं, दासी आणि माग सांभाळते, तो तिकडे. ती लिहिते की मी कापड पाठवते आणि तू दरवेळी त्यात खोड काढतोस, छोटं झालं, लोकर कमी पडली. आणि मग खरं दुखणं बाहेर येतं, तू गेल्यापासून शालिम-अहुमने दोनदा घर बांधलं, आपण कधी बांधणार?

दुसरी तराम-कुबी. नवऱ्याने लिहिलेलं दिसतंय की उधळपट्टी करू नकोस. तिचं उत्तर असं की कसली उधळपट्टी, जाताना घर धुऊन नेलंस, शहरात दुष्काळ पडला, खायला जव ठेवले नाहीस, आणि मलाच सांगतोस.

कापडाचे पैसे मात्र बाईचे. नवऱ्याने विकले तरी तिच्या नावावर चांदी यायला पाहिजे, आणि ती हिशोब मागायची, किती नग पाठवले, किती विकले, किती आली.

काळी_शाई

इथे थोडी भर घालतो, भाषेचा विद्यार्थी आहे.

कानेशचं दुसरं नाव नेशा. पुढे हित्ती लोकांचं मोठं राज्य झालं, त्यांची राजधानी हट्टुशा, पण ते स्वतःच्या भाषेला म्हणायचे नेशिली, म्हणजे नेशाची बोली. ती भाषा वाचली बेद्रिच ह्रोज्नी नावाच्या चेक पंडिताने, १९१५ मध्ये. त्याच्या हाताला एक वाक्य लागलं, त्यात भाकरीचं चिन्ह ओळखीचं होतं आणि पुढे शब्द होता वातर (इंग्रजी वॉटर आठवा). मग सुचलं, तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल. त्यातलं खाण्याचं क्रियापद आपल्या संस्कृत अद् धातूचं भावंड, ज्यापासून आपलं अन्न आलं.

आणि योगायोग बघा, दहा वर्षांनी, १९२५ मध्ये, हाच ह्रोज्नी कुलतेपेला खणायला गेला. १८८० च्या दशकापासून बाजारात या पाट्या येत होत्या पण गाववाले नेमकी जागा सांगत नव्हते, कमाईचं साधन कोण सांगेल. तो बिचारा टेकाड खणत बसला, एक पाटी मिळेना. शेवटी गावातूनच कळलं की वर नाही, खाली बाजूच्या शेतात. तिथे खणल्यावर हजाराच्या घरात पाट्या निघाल्या. पद्धतशीर उत्खनन मात्र १९४८ पासून, तहसीन ओझ्गुच यांनी केलं, ते २००५ मध्ये वारले तोपर्यंत त्यातच होते.

उनाड_वारा

अशुर = असुर!!! वेदातले असुर हेच. आणि तिकडे मित्र वरुण इंद्र यांच्या नावाने तह पण सापडलाय. सगळे आपलेच लोक होते, कोणी सांगत नाही.

काळी_शाई

उनाड_वारा, दोन गोष्टींची मिसळ होतेय. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावं खरंच आहेत, पण ती मितन्नी (उत्तर सीरियाकडचं एक राज्य) आणि हित्ती राजांच्या तहात, इसपू चौदाव्या शतकातल्या, म्हणजे या व्यापाऱ्यांनंतर चार-पाचशे वर्षांनी. मितन्नीच्या घोडे शिकवणाऱ्याच्या पुस्तिकेत ऐक, तेर, पंझ, सत्त असे आकडेही आहेत. ते सगळं आवडीने वाचावं असंच आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

अशुर आणि असुर मात्र नुसता आवाज सारखा. अशुरवाल्यांची भाषा अरबी-हिब्रूच्या कुळातली, आणि संस्कृतातल्या असुराचं नातं इराणातल्या अहुरशी.

शंकासुर

बरं झालं मिटलं, नाहीतर धागा त्यातच जात होता. माझा प्रश्न वेगळा. भांडवल कोणाचं? एवढं कथील विकत घ्यायला चांदी आधी लागणार.

वखारवाला

हा प्रश्न कोणी विचारेल म्हणून वाट बघत होतो. त्याला म्हणायचे नारुक्कुम, म्हणजे पिशवी. दहा-बारा जणांनी मिळून एका व्यापाऱ्याच्या पिशवीत सोनं घालायचं, एकूण तीस मीना वगैरे, म्हणजे पंधरा किलो सोनं. मुदत बारा वर्षं. एका अशा कराराची पाटीच आहे. नफ्याचा एक तृतीयांश व्यापाऱ्याचा, आणि ज्याला मुदतीआधी पैसे काढायचे त्याला एका भार सोन्याला चारच भार चांदी मिळणार, नफ्यात वाटा नाही. बाजारात सोनं आठेक पट चांदीला जात असताना चार! मुदत ठेव मोडल्यावर बँक कापते ते काहीच नाही मग.

उधारीचं व्याज व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत मीनामागे महिना दीड शेकेल, म्हणजे सालीना ३० टक्के, आणि स्थानिक लोकांना त्याहून चढं. सावकारी कुठलीही असो.

कर्जाचा कागद कसा असायचा ते बघा. हाताच्या तळव्यात मावेल एवढी मातीची पाटी, तिच्यावर मजकूर. वाळली की तिच्यावर मातीचंच पाकीट थापायचं, पाकिटावर तोच मजकूर पुन्हा, आणि ऋणको आणि साक्षीदारांचे शिक्के लाटून उमटवायचे, दंडगोल शिक्का पोळी लाटल्यासारखा फिरवायचा की चित्रांची पट्टी उमटते. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली असं वाटलं तर पाकीट फोडायचं, आतला खरा. पैसे फिटले की पाटी ऋणकोला परत आणि ती फोडून टाकायची. त्याला शब्द होता पाटी मारणे. आमच्या आजोबांच्या वहीत फिटलेल्या खात्यावर आडवी तिरकी रेघ असायची, बाजूला "चुकते". त्यांनी ती रेघ किती जोरात ओढलीय, कागद फाटलाय काही ठिकाणी.

भटकी_चप्पल

दोन वर्षांपूर्वी अंकाराला कामासाठी गेले होते तेव्हा तिथल्या अनातोलियन संस्कृतींच्या संग्रहालयात ही पाकिटं बघितली, तेव्हा हे काही माहीत नव्हतं. एक फुटलेलं पाकीट होतं, बिस्किटाचा कोपरा तुटावा तसं, आणि आतून दुसरी पाटी डोकावत होती. मी पुढे गेले सोन्याच्या दागिन्यांकडे 🤦 आता हळहळ वाटतेय. अक्षरं इतकी बारीक आहेत की काचेला नाक लावावं लागतं.

शेजारी छोटीशी चपटी गोळी ठेवली होती, ती काय असेल?

वखारवाला

नक्की तीच का ते फोटोशिवाय कसं सांगू, पण पत्राची जागा संपली की उरलेला मजकूर एका छोट्या पाटीवर लिहून तीही त्याच पाकिटात घालायचे. आपल्या आंतर्देशीय पत्रात कडेने उभं आडवं लिहायचे ना, तसं. फक्त यांना कडाही भरून झालेल्या असायच्या.

सुईदोरा

लग्नाचं लिहिलंत नाही. नवरे वर्षानुवर्षं तिकडे, मग?

वखारवाला

मग तिकडे दुसरी बायको, ताई. उघड, कराराने. नियम एवढाच की दोन्हीकडे एकाच दर्जाच्या दोन बायका नकोत, एक मोठी एक धाकटी, एक अशुरला एक कानेशला. लकिपुम नावाच्या माणसाने हताला नावाच्या स्थानिक मुलीशी लग्न केलं त्याची पाटी आहे. कानेशच्या मुलखात आणखी बायको करायची नाही, अशुरला मात्र देवळाशी बांधलेल्या एका बाईशी चालेल. आणि सोडचिठ्ठी त्याने दिली तर त्याने पाच मीना चांदी द्यायची, तिने दिली तर तिनेही पाच मीनाच द्यायची. दोघांना दंड सारखा.

सुईदोरा

पाच मीना म्हणजे काकांच्या हिशोबाने गाढवं किती?

कल्हईवाला

वीस शेकेलला एक तर मीनाला तीन, पाच मीनाला पंधरा गाढवं. स्वस्त नाही.

शंकासुर

चोरटा माल? एवढी जकात असताना कोणी आडवाटेने नेत नव्हतं हे मी मानणार नाही.

वखारवाला

नेत होते की, आडवाटेला नावच होतं, अरुंद वाट. पत्रांत राजरोस चर्चा, मुख्य रस्त्याने नेऊ की अरुंद वाटेने. आणि पकडलं कोणाला तर लमस्सीच्या नवऱ्यालाच! एका पत्रात येतं की एकाने चोरटा माल पुशु-केनकडे पाठवला, तो सापडला, वाड्याने पुशु-केनला धरून आत टाकलं, पहारे कडक आहेत, राणीने शेजारच्या राज्यांना चोरट्या मालाबद्दल कळवलंय, तेव्हा तुम्ही सध्या काही पाठवू नका.

भटकी_चप्पल

अरेरे. आणि ती तिकडे घर कधी बांधायचं विचारतेय. बांधलं का शेवटी?

वखारवाला

कळायला मार्ग नाही. तिची पत्रं कानेशला नवऱ्याच्या घरात राहिली म्हणून मिळाली. त्याने अशुरला पाठवलेली उत्तरं तिच्या घरात गेली, आणि अशुरला या काळातल्या पाट्या जेमतेम दोन डझन निघाल्यात, वर पुढच्या हजार वर्षांच्या साम्राज्याची देवळं आणि वाडे बांधलेले. आणखी एका पत्रात ती लिहिते की मुलगी मोठी झाली, ये आणि तिला अशुर देवाच्या ओटीत घाल. ती मुलगी, अहहा, देवाला वाहिलेली झाली आणि बाप गेल्यावर स्वतःच्या चांदीसाठी भावांशी पत्रापत्री करताना सापडते.

सुईदोरा

म्हणजे आईच्या वळणावर गेली. भटकी_चप्पल, पुढच्या वेळी जाशील तेव्हा कायसेरीला पण जा आणि लमस्सीची पाटी दिसली तर फोटो टाक इथे.

भटकी_चप्पल

टाकते. अंकाराहून कायसेरीला बस आहे, बघून ठेवलं आत्ताच. दागिन्यांकडे बघणार नाही या वेळी.